सुभेदारांची चाल

घर बघायला गेल्यावर कुणी आडनाव विचारलं नाही, असं उत्पलाच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

नागपुरात तिनं भाड्याची घरं काही कमी पाहिली नव्हती. फोनवर गोड बोलणारे घरमालक 'गजभिये' ऐकलं की क्षणभर थांबायचे आणि मग त्यांना आठवायचं, की जागा कालच गेली. त्यातूनही कुणी पुढं सरकला, तर 'मिस्टर काय करतात?' हा प्रश्न यायचा. मिस्टर नाहीत, घटस्फोट झालाय, सोबत म्हातारे वडील असतात, असं सांगितलं की त्याचाही भाचा नेमका पुढच्या महिन्यात परदेशातून परत येणार असायचा. उत्पला फिजिओथेरपिस्ट होती. तिच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. ज्यांच्या आया-वडलांना तिनं अंथरुणातून उठवून चालतं केलं होतं, त्यांच्याही शेजारी तिला घर मिळत नव्हतं.

त्यामुळे कन्हान नदीकाठच्या जुन्या छावणीत फ्लॅट भाड्यानं देणार आहेत हे कळल्यावर ती वडिलांना घेऊन लगेच गेली. सैन्य तिथून नव्या तळावर हलून बरीच वर्षं झाली होती. इंग्रजांच्या काळातल्या दगडी बराकी, कमानींचे लांबच लांब व्हरांडे, घोड्यांचे तबेले, कवायतीचं मैदान, हा सगळा पसारा 'ठाव' नावाच्या कंपनीनं सरकारकडून दीर्घ मुदतीवर घेतला होता. बाहेरचा दगड तिनं तसाच ठेवला होता, फक्त धुऊन काढला होता. आत मात्र सगळं नवं होतं. लिफ्ट होती, बोललं की लागणारे दिवे होते, भिंतीत लपणारं स्वयंपाकघर होतं. तबेल्यांची दुकानं झाली होती. त्यातलंच एक उत्पलाला दवाखान्यासाठी मिळणार होतं.

"आम्ही जात, धर्म, लग्न, जेवण यातलं काहीही विचारत नाही," ठावची व्यवस्थापक केतकी दाणी म्हणाली. तिशीतली मुलगी होती, चटपटीत आणि हसरी. "भाडेकरूनं घर नीट वापरावं, इतकंच."

उत्पलाचे वडील दारातच थांबले होते. सुभेदार हरिदास गजभिये सत्तरीच्या पुढचे होते, पण पाठ अजून छडीसारखी होती. ते खिडकीकडे बघत होते.

"ह्याच बराकीत होतो मी," ते म्हणाले. "रंगरूट म्हणून आलो तवा. त्या खिडकीपाशी माझी खाट होती. पुढं उस्ताद झालो अन् ह्याच मैदानावर पोरांले कवायत शिकवली."

मग ते आत आले आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेले. आधी टाच पडायची, मग पंजा. फरशी वाजत होती. टोकाला जाऊन ते एका झटक्यात वळले आणि तसेच परत आले.

"काका, काय चालता हो तुम्ही!" केतकी म्हणाली.

"काका नाही. सुभेदार म्हणा," ते म्हणाले आणि हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना उत्पलानं आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. घर तिनं तिथंच पक्कं केलं.

निघताना केतकीनं सहज सांगावं तसं सांगितलं, की फरशीखाली काच आहे.

कॅमेरा नाही, माईक नाही, नुसती काच. केसाइतकी बारीक काचेची तार प्रत्येक खोलीच्या फरशीखालून आणि भिंतींच्या सांध्यांतून नागमोडी फिरवलेली होती. या बराकी चुन्यात बांधलेल्या. त्यांच्यावर लिफ्टचा, पाण्याच्या टाक्यांचा, नव्या न्हाणीघरांचा भार टाकायचा म्हणजे जुन्या दगडाची नाडी सतत बघत राहायला हवी, अशी पुरातत्त्ववाल्यांची अट होती. तारेत एका टोकाकडून प्रकाशाचे ठोके सोडायचे. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात अतिसूक्ष्म उणिवा असतात. त्यांना आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. फरशी दबली, दगड हलला, की तिथली काच किंचित ताणली जाते आणि परतणाऱ्या प्रकाशाचा ताल बिघडतो. कुठं बिघडला आणि किती, हे यंत्राला लगेच कळतं. कोणत्या भिंतीत तडा जातोय, हे तो डोळ्यांना दिसायच्या आधी समजावं, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता.

अडचण एकच होती. घरात माणसं राहतात आणि माणसं चालतात. त्यांच्या पावलांचा गोंगाट भिंतींच्या आवाजात मिसळायचा. इंजिनिअर तो गाळून टाकत होते. गाळता गाळता कुणाच्या तरी लक्षात आलं, की आपण कचरा म्हणून जे फेकतोय तेच जास्त मोलाचं आहे. प्रत्येक माणसाची चाल वेगळी असते. शिवाय चाल कमावलेली असली तरी ती चालवतो मेंदूच. मेंदूत, नसांत, रक्तवाहिन्यांत काही बिनसलं, तर हात थरथरायच्या, तोंड वाकडं व्हायच्या कितीतरी आधी पावलाला ते कळलेलं असतं. एक पाय नकळत हलका पडतो, वळायला वेळ लागतो, दोन पावलांमधलं अंतर दिवसेंदिवस आखडत जातं. डॉक्टर रोग्याला चालवून बघतो तो दवाखान्यात, थोडा वेळ. ही फरशी मात्र रोज, दिवसभर ऐकत होती.

ठावनं या सोयीला 'पाऊल' असं नाव दिलं आणि भाडेकरूंना ती फुकट दिली.

पहिल्याच वर्षी 'पाऊल'नं एक जीव वाचवला. शेजारच्या फ्लॅटमध्ये काझी सर राहायला आले होते. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. आडनाव ऐकून घरमालकांना भाचे आठवण्याचा अनुभव त्यांनाही होता, त्यामुळे सुभेदारांशी त्यांची पहिल्या चहातच गट्टी जमली. एक दिवस त्यांच्या फोनवर निरोप आला, की नसीमबींचा उजवा पाय किंचित घासतोय, डॉक्टरांना दाखवा. नसीमबी म्हणजे त्यांची पत्नी. तिला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. तपासणीत मानेतली रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली. वेळेवर ऑपरेशन झालं. काझी सरांनी सगळ्या बराकीला शिरखुर्मा वाटला.

"सुभेदारसाहेब, ही फरशी नव्हे, फरिश्ता आहे," ते म्हणाले.

रोज सकाळी मैदानाला म्हाताऱ्यांची फेरी निघायची. सुभेदार पुढं, बाकीचे मागं. कुणी पाय ओढायला लागला की सुभेदार ओरडायचे, "टाच! टाच कुठं गेली?" व्हरांड्यांतून बायका हसायच्या. उत्पलाला ते दिवस नंतर फार आठवायचे.

दुसऱ्या वर्षी उन्हाळा संपता संपता केतकीनं तिला कार्यालयात बोलावलं. क्वार्टर गार्डच्या, म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायांच्या, जुन्या दगडी खोलीत हे कार्यालय होतं. केतकीनं दार लावून घेतलं.

"ताई, सुभेदारांच्या चालीत बदल दिसतोय. टाच आधी पडत नाही आता, पूर्ण पाऊल एकदम पडतं. वळताना छोटी छोटी पावलं टाकतात. 'पाऊल' म्हणतं की हा कंपवात असू शकतो. सुरुवातीचा."

"शक्यच नाही," उत्पला म्हणाली. "अहो, मी रोज हेच रोगी बघते. माझ्या घरात असता तर मला दिसला नसता?"

ती तरातरा घरी गेली. सुभेदार स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन बाहेर येत होते. टेबलाशी ते वळले. आणि उत्पलाला दिसलं. एका झटक्यात वळणारा हा माणूस, एखादी जड पेटी सरकवावी तसा, जागच्या जागी पाय उचलत उचलत वळला. डावा हात हलतच नव्हता. इतके महिने ती दिवसभर लोकांच्या वडिलांचे पाय बघून थकून घरी येत होती आणि स्वतःच्या वडिलांकडे तिनं बघितलंच नव्हतं.

ती पुन्हा कार्यालयात गेली. "ठीक आहे. डॉक्टरांना दाखवून औषध सुरू करते, व्यायाम घेते. लवकर कळलं ते बरंच झालं."

केतकीनं नजर टेबलावर लावली. "ताई, ते तसं साधं राहिलेलं नाही."

विमा कंपन्यांनी नियम बदलले होते. आता कोण केव्हा पडणार हे आधीच कळत होतं. मग पडणाऱ्याची जबाबदारी न सांगता कशी घ्यायची, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे या बराकींमध्ये यापुढं फक्त 'स्वतंत्र चाल' या श्रेणीतली माणसं राहतील. ज्यांची चाल उतरणीला लागली असेल, त्यांच्यासाठी ठावनं छावणीच्या मागच्या टोकाला, जुन्या लष्करी इस्पितळात 'सोबत' नावाचं निवास काढलं होतं. एकेकट्या माणसाच्या खोल्या. घरच्यांनी भेटायला यावं, राहू नये.

"मग आम्ही दोघं दुसरीकडे जातो."

"जा ना. पण श्रेणी तुमच्यासोबत येईल. सगळ्या मोठ्या भाडे-कंपन्या ती एकमेकींना देतात. आणि लहान घरमालकांचं तर तुम्हाला माहीतच आहे."

बाहेर मैदानावर म्हाताऱ्यांचं हसणं ऐकू येत होतं. केतकी खुर्ची ओढून जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "मी सांगितलं असं कुठं बोलू नका. अजून हा नुसता अंदाज आहे, श्रेणी ठरलेली नाही. ती करार नवा होताना ठरते. त्याआधी काही महिने पावलांची नोंदच झाली नाही, तर 'पाऊल' जुनीच श्रेणी धरून चालतं. चाकांचा आवाज ते गाळून टाकतं."

तिच्या आवाजात खरीखुरी माया होती. उत्पलानं तिचे हात हातात घेतले आणि आभार मानले.

त्याच आठवड्यात घरात चाकांची खुर्ची आली.

"गुडघ्याची गादी झिजलीये बाबा," उत्पला म्हणाली. "मागं काढलेल्या एक्स-रेत दिसतंय. चाललात तर कायमचा जाईल गुडघा. थोडे महिने सक्तीचा आराम."

"दुखत तर नाही काही."

"दुखायला लागल्यावर उशीर होतो."

सुभेदारांनी मुलीकडे पाहिलं. ती या विषयातली शिकलेली होती. आणि वरून आलेल्या हुकमाला 'का?' म्हणून विचारायचं नाही, हे तर त्यांच्या हाडात होतं. "तू म्हणशील तसं," म्हणून ते बसले.

पुढचं सगळं उत्पलानं अतिशय कौशल्यानं केलं. रोग्याला पाय टेकू न देता खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून न्हाणीत कसं न्यायचं, हे तिच्याइतकं कुणाला येणार? ती त्यांच्या काखांत हात घालून त्यांना उचलायची, वजन स्वतःच्या पावलांवर घ्यायची. फरशीला फक्त तिचीच पावलं ऐकू जायची. डॉक्टरांकडे तिनं त्यांना नेलं नाही. रोगाचं निदान कागदावर आलं असतं तर ते ठावपर्यंत पोचलंच असतं. कंपवाताची गोळी सुरू झाली नाही. या दुखण्यात बसून राहणं म्हणजे विष, चालणं हेच अर्धं औषध, हे वाक्य ती दवाखान्यात दिवसातून कितीदा तरी बोलायची. संध्याकाळी दार बंद करून घरी यायची आणि वडिलांच्या पायांवर पांघरूण घालायची.

सुभेदार आक्रसत गेले. आधी आवाज बारीक झाला. मग चेहरा थिजला, हसले तरी हसल्यासारखे दिसेनात. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. मैदानाची फेरी मोडली होती. काझी सर सुरुवातीला चौकशीला यायचे, पुढं तेही कमी झालं.

एका दुपारी सुभेदारांनी स्वतःच हातांनी खुर्चीची चाकं फिरवत दवाखाना गाठला. उत्पला आत एका म्हाताऱ्या वकिलांना चालवत होती. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या होत्या आणि ती टाळ्या वाजवत होती. "मोठं पाऊल, काका! डावा, उजवा! थांबायचं नाही, पाय चिकटले तर तालात उचला!" वकील घामाघूम होऊन, पण चालत होते. काचेबाहेर सुभेदार किती वेळ बघत होते कोण जाणे.

"त्यांले काय झालं?" घरी परतताना त्यांनी विचारलं.

"कंपवात."

"अन् त्यांले चालवून राहिली तू. गुडघे चांगले असन त्यांचे."

"हो."

खुर्ची ढकलणाऱ्या उत्पलाला फक्त त्यांचा माथा दिसत होता. तो उजव्या बाजूला कलला होता.

करार नवा व्हायला थोडे दिवस उरले असताना तिला व्हरांड्यात काझी सर भेटले. ते औषधं घेऊन येत होते. तिनं नसीमबींची विचारपूस केली.

"बसून असते," काझी सर म्हणाले. "ऑपरेशननंतर पाय थोडा अशक्त राहिलाच होता. आता तर..." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "बेटी, तुलाही केतकीमॅडमनी दार लावून, हळू आवाजात सांगितलं ना?"

उत्पलानं होकारार्थी मान हलवली.

"मलाही तसंच सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या भोयरांना, टोकाच्या पिंपळखुट्यांच्या आईला, सगळ्यांना. प्रत्येकाला वाटतं की आपल्यावरच मेहेरबानी केली. तू कधी कान देऊन ऐकलंस का? या बराकीत आता पावलं वाजतच नाहीत. सगळी चाकं."

"पण का? कंपनीला काय मिळतं यातून?"

"बसलेलं माणूस पडत नाही, बेटी. पडलं नाही की भरपाई नाही. घर भरलेलं राहतं, भाडं चालू राहतं. त्यांनी खोटं सांगितलं असंही म्हणता येत नाही. बसवलं आपण आहे. आपल्या हातांनी. मी शाळेत पोरांना शिक्षा म्हणून उभं करायचो. आता घरात बायकोला शिक्षा म्हणून बसवतो."

उत्पला घरात आली. सुभेदार खुर्चीत डुलक्या काढत होते. आत्ताच्या आत्ता त्यांना उठवावं, सगळं सांगावं, असं तिच्या मनात आलं. मग तिनं विचार केला, इतके महिने काढले. आता आठ-पंधरा दिवसांसाठी सगळं पाण्यात कशाला घालायचं? एकदा करार झाला, की आपण बाबांना हवं तसं चालवू. तिनं त्यांच्या मानेखाली उशी सरकवली.

करार झाला. 'स्वतंत्र चाल' ही श्रेणी कायम राहिली. केतकीनं पेढे दिले.

"आता व्यायाम सुरू करते त्यांचा," उत्पला म्हणाली.

केतकीचा हात खोक्यावरच राहिला. "ताई, असं नका करू. करार चालू असताना नोंद बदलली तरी श्रेणी बदलते. आणि आता तर ते पहिल्यापेक्षा वाईटच चालतील ना? राहू द्या बसलेले. पुढच्या वर्षीही असंच निभावून नेऊ."

"पुढच्या वर्षीही?"

"दर वर्षी," केतकी म्हणाली. अगदी सहज म्हणाली.

उत्पला पेढ्यांचं खोकं घेऊन घरी आली. ते टेबलावर ठेवलं आणि वडिलांसमोर जमिनीवर बसली. सांगायला सुरुवात केल्यावर तिला थांबता येईना. फरशी, श्रेणी, केतकी, काझी सर, गोळी न देणं, सगळं तिनं सांगून टाकलं. सुभेदार ऐकत होते. चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं, आणि ते रागामुळं की दुखण्यामुळं, हे तिला कळत नव्हतं.

"म्हणजे गुडघ्याले काही नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"मले कंपवात आहे. अन् हे तुले माहीत होतं. ह्या फरशीले माहीत होतं. त्या पोरीले माहीत होतं. मलेच नव्हतं."

"तुम्हाला 'सोबत'मध्ये टाकलं असतं, बाबा. माझ्यापासून लांब. बाहेर गेलो असतो तर कुणी घर दिलं नसतं."

"काहून, आधी कोणी देऊन राहिले होते का?" आवाज बारीक होता, पण शब्द सुटे सुटे येत होते. "तुझ्या आईनं अन् मी टिनाच्या खोलीत संसार केला. तू मले विचारलं असतं तर म्हटलं असतं, चाल, जाऊ. माझ्या पायांचा निकाल लावला तू, अन् मले विचारलं नाही."

ते खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठू लागले. उत्पला धावली. त्यांनी तिचा हात बाजूला केला. ते उभे राहिले, वाकलेले, गुडघ्यांत मुडपलेले. पाऊल टाकायला गेले आणि पाय जमिनीला चिकटले. वरचं अंग पुढं झुकलं, पाय मागंच राहिले. कपाळावर घाम आला. हे चिकटणं उत्पलानं शेकडो रोग्यांमध्ये पाहिलं होतं. तिच्या तोंडून आपोआप ताल बाहेर पडला.

"डावा, बाबा! डावा... उजवा... डावा..."

एक पाय सुटला. मग दुसरा. ते चालू लागले. टाच नव्हतीच, तळवे फरफटत होते. भिंतीला हात लावून त्यांनी खोलीचं टोक गाठलं.

"बस, बाबा. एवढं पुरे आज," उत्पला म्हणाली आणि खुर्ची पुढं सरकवली.

"तूच बस आता," सुभेदार म्हणाले.

ते वळले. वळायला बराच वेळ लागला. मग ते स्वयंपाकघरात गेले, तिथून तिच्या खोलीत, तिथून न्हाणीच्या दारापर्यंत. उंबऱ्याशी पाय पुन्हा चिकटले. तिनं ताल दिला नाही. तेव्हा ते स्वतःच पुटपुटले, "एक दो, एक दो," आणि सुटले. मुद्दाम पाय आपटत होते. पाऊल पडेल तिथं फरशी वाजत होती. उत्पला खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. हातातला फोन थरथरला. तिनं पाहिलं नाही. तो पुन्हा थरथरला. सुभेदार चालत होते.

दुसऱ्या दिवशी केतकी आली तेव्हा ते कपडे घालून तयार होते. बटणं त्यांनी एकट्यानं लावली होती, एक घर चुकून. "मी 'सोबत'मध्ये जातो," ते तिला म्हणाले. "पोरीचं घर अन् दवाखाना तिच्या नावावर आहे. ते राहू द्या."

"मी पण सोडते हे घर," उत्पला म्हणाली.

"अन् रोगी कुठं घेशील? रस्त्यावर?" त्यांनी तिच्याकडे न बघता म्हटलं. उत्पलाला उत्तर सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर उत्तर सुचलं नाही याचं तिला आतून थोडं बरंच वाटलं.

त्याच आठवड्यात काझी सर नसीमबीचा हात धरून मैदानावर उतरले. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत दोघांनी एक फेरी पूर्ण केली. नसीमबी पाय ओढत होती, मध्येच थांबून हसत होती. व्हरांड्यांत चाकांच्या खुर्च्या रांगेनं येऊन उभ्या राहिल्या, पण त्यांतून कुणी उठलं नाही. महिन्याभरात काझी सर सामान घेऊन दूरच्या एका नातेवाइकाच्या गावी निघून गेले. जाताना ते उत्पलाकडे आले होते. ती दवाखान्यात होती.

'सोबत'मधले डॉक्टर तरुण होते आणि स्पष्ट बोलणारे. त्यांनी सुभेदारांना तपासलं आणि उत्पलाकडे वळले. "इतके महिने गोळी नाही, व्यायाम नाही? मॅडम, तुम्ही स्वतः याच क्षेत्रातल्या ना?"

उत्पलानं वडिलांकडे पाहिलं.

"मीच नाही म्हटलं होतं तिले," सुभेदार म्हणाले. "लय मागं लागली होती. मी हट्टी माणूस."

डॉक्टरांनी मान डोलवली आणि गोळी लिहून दिली. सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

जुन्या इस्पितळाच्या त्या फरशीखाली काच नव्हती. ज्यांचा निकाल लागून गेला, त्यांची चाल ऐकण्यावर ठाव खर्च करत नव्हती. त्यामुळे तिथं ज्याला जसं जमेल तसं तो चालत असे. वॉकर ठोकत, भिंत धरत, एकमेकांना धरत. लांब कॉरिडॉरमध्ये दिवसभर पावलांचा गलका असायचा. गोळीनं सुभेदारांना थोडा फरक पडला. गेलेलं सगळं परत आलं नाही, येणारही नव्हतं. उत्पला दवाखाना आटोपून रोज संध्याकाळी जायची आणि त्यांचा व्यायाम घ्यायची. ती सांगेल ते ते निमूटपणे करायचे. व्यायाम संपला की म्हणायचे, "झालं का? जा आता, थकली असशील." तिला वाटायचं, एकदा तरी ओरडावं त्यांनी.

एका शनिवारी ती म्हणाली, "बाबा, उद्या घरी या ना जेवायला. पाटोडीचा रस्सा करते."

सुभेदार थबकले. रस्सा त्यांच्या आवडीचा होता. खूप दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"येतो," ते म्हणाले. "लांब नाही काही. मैदानावरून चालतच येतो हळूहळू."

'सोबत'मधला माणूस बराकीत चालला, तर तो परत राहायला आला असं 'पाऊल' धरतं आणि घराचा करार मोडतो, हे केतकीनं तिला बजावून सांगितलं होतं. उत्पलानं क्षणभरही विचार केला नाही. शब्द तिच्या तोंडातून आपोआप निघाले.

"कशाला बाबा, मी खुर्ची घेऊन येते ना."

बोलली आणि मग तिला ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

सुभेदार तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वॉकरवर हात घट्ट केले.

"नको," ते म्हणाले. "तूच येजो इथं. डबा घेऊन."

आणि ते वळले. जागच्या जागी पाय उचलत, हळूहळू, पूर्ण वळले आणि कॉरिडॉरमधल्या त्या गलक्यात चालू लागले.